चंद्राच्या दगडाला घाम

२४ ऑक्टोबर १९९६. दिवाळीच्या साड्यांचा सीझन. पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी मोरपिशी रंगाचा आणखी एक नमुना उकळत होते. आधीचे सगळे व्यापाऱ्याने परत पाठवले होते. तेवढ्यात रमणीकभाई शेठ आत आले. हातात मखमली डबी, मागे डाइंग मास्टर मिश्राजी.

"पाटीलबेन, चपला काढा," शेठ म्हणाले.

लॅबमध्ये चपला काढत नाहीत, खाली ॲसिड सांडलेले असते. तरी काढल्या. शेठने डबी उघडली. कापसावर मुठीएवढा दगड होता. पांढराशुभ्र, चकाकणारा, पंख्यासारखे उलगडलेले स्फटिक.

"चंद्राचा आहे. वेवाई अमेरिकेहून घेऊन आले."

वेवाई म्हणजे व्याही. शेठच्या मुलीची सगाई नुकतीच झाली होती. नव्या व्याह्याने दिलेली वस्तू मिरवायची असते, तपासायची नसते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी नुसतेच "छान आहे" म्हणाले.

"तुम्ही दगडाचं शिकलाय ना? एक सर्टिफिकेट टाइप करा. फ्रेम करून लावायचंय."

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. आहे. नवऱ्याची बदली सुरतेला झाली. इथे दगडांना नोकरी नव्हती, रंगांना होती. एवढ्या वर्षांत माझी डिग्री शेठला आज पहिल्यांदा आठवली.

"मास्टरने तर पास केलाच आहे," शेठने वर सांगितले.

मास्टरने तो कसा पास केला, ते सांगायला हवे. डाइंगमध्ये कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो की नाही, हे लाईट बॉक्समध्ये बघतात. आतून राखाडी रंगाची पेटी, ठरावीक उजेडाचे दिवे. मास्टरने बॉक्समध्ये एका बाजूला दगड ठेवला, दुसऱ्या बाजूला ऑफिसमधल्या कॅलेंडरवरचा पौर्णिमेचा चंद्र. मग डबीवर चिठ्ठी चिकटवली : शेड ओके.

"मास्टर, चंद्र पांढरा नसतो," मी म्हणाले. "त्याची माती जुन्या डांबरी रस्त्यासारखी करडी आहे. काळ्या आकाशात, उन्हात असतो म्हणून पांढरा दिसतो."

"मतलब लाईट का फरक है," मास्टर म्हणाले. दिवसभरात ते एवढेच बरोबर बोलले.

सही करून टाकली असती तर माझे काही बिघडत नव्हते. पण शेठने पुढचा बेत सांगितला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडवो. त्या दिवशी सगळे सुरत चांदण्यात बसून घारी ही तुपाने माखलेली मिठाई खाते. शेठला त्याच दिवशी वेवाईंच्या हस्ते दगडाची स्थापना करायची होती. जागा ठरली होती, घोडियाघर. फोल्डिंग खात्यातल्या बायका साड्यांच्या घड्या घालतात, तेव्हा त्यांची मुले ज्या खोलीत पाळण्यात असतात ती खोली. मिलमध्ये पूर्वेला, चंद्र उगवतो त्या बाजूला, खिडकी असलेली ती एकच.

"आणि मुलं?"

"गोडाऊनमध्ये. मोठी जागा आहे."

गोडाऊनमध्ये हायड्रोचे ड्रम असतात. हायड्रो म्हणजे रंग काढायची पावडर. तिला पाणी लागले की पेट घेते. रांगती मुले आणि पाणी वेगळे ठेवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत लताबाई लॅबच्या दारात आल्या. धुळ्याकडच्या. फोल्डिंगच्या बायकांत त्यांचा शब्द चालतो.

"मॅडम, दगडले खोली, अन् आमना पोरेसले कथा ठेवूत?" दगडाला खोली, मग आमची पोरे कुठे ठेवायची? एवढाच प्रश्न विचारून त्या कामावर गेल्या. उत्तर माझ्याकडे आहे असे त्यांनी धरून चालले होते. मी शेठला परत बोलावले. मागोमाग मास्टरही आले.

"सर्टिफिकेट देते. पण टेस्ट करून."

"फोडायचा नाही हं, बेन!"

फोडायची गरज नव्हती. डबीतल्या कापसात चुरा पडला होता. तो मी कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये टाकला आणि बर्नर पेटवला.

"चंद्र आधी वितळलेला होता," मी सांगायला लागले. "दूध तापल्यावर साय वर येते, तसं हलकं खनिज वर तरंगून थिजलं. चंद्राचा उजळ भाग तो. नंतर मोठमोठे खड्डे पडले, त्यात आतला काळा लाव्हा भरला. ते काळे डाग. त्यानंतर उल्का आदळत राहिल्या, दगड फुटले, वितळले, पुन्हा चिकटले. खनिजं बरीचशी आपल्याच काळ्या दगडातली. फरक एकच. तिथला दगड ठणठणीत कोरडा. पाणी नाही, म्हणून गंज नाही, चिकणमाती नाही."

"आणि आमचा?"

मी ट्यूब पुढे धरली. चुरा फुगला होता. ट्यूबच्या वरच्या थंड भागात आतून थेंब जमले होते. चंद्राच्या दगडाला घाम फुटला होता.

हा झिओलाइट होता. खानदेशातल्या काळ्या दगडात बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. त्यांत पाणी झिरपून हे स्फटिक वाढतात आणि ते पाणी पोटात धरून बसतात. आमच्याकडच्या खाणींतून ते परदेशात विकायला जातात. माझा अंदाज, हा दगड जळगावकडून अमेरिकेला गेला, तिथे दुकानात चंद्र झाला आणि वेवाईंच्या बॅगेतून गुजरातेत आला.

मास्टर हार मानणारे नव्हते. "चंद्रमा तो जल का ही देवता है, शेठ. पानी तो निकलेगा ही."

शेठचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे बघून पुन्हा पडला. "बेन, वेवाईंना खोटं म्हणायचं? माझ्या मुलीला त्या घरात राहायचंय."

ते बरोबर होते. दगडाचे नाव बदलता येत नव्हते, पण पत्ता बदलता येत होता.

"वेवाईंना काहीच म्हणू नका. मी दगडाचं खरं नाव लिहून देते, झिओलाइट. शेठ, आपल्या बोअरच्या जड पाण्याने साडीवर डाग पडतात. ते पाणी मऊ करायच्या टाकीत पूर्वी काय भरायचे?"

शेठचे वडील याच धंद्यातले. आता टाकीत रेझिन असते, पण जुने लोक त्या खोलीला अजून झिओलाइट प्लँटच म्हणतात.

"तो आ तो आपणो ज माणस!" शेठ ओरडले. अरे, हा तर आपलाच माणूस!

"मास्टर म्हणतात जलदेवता, मी म्हणते झिओलाइट. दोघांच्या हिशेबाने जागा एकच. पाण्याच्या टाकीजवळ."

चंदनी पडव्याच्या संध्याकाळी स्थापना झाली. पंप धडधडत होता, फरशी ओली होती, वेवाई धोतर वर धरून उभे होते. माझे सर्टिफिकेट फ्रेममध्ये होते. त्यात झिओलाइट हा शब्द स्पष्ट होता आणि वेवाईंनी तो मोठ्याने वाचून "वाह, सायंटिफिक नाम!" असे म्हटले. मास्टरने दगडावर दूध ओतले. घारीत एवढे तूप होते की कुणी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

आता म्हणतात, चंद्रावर थोडे पाणी सापडले आहे. असेल. ट्यूबमध्ये थेंब दिसण्याइतके मात्र नाही.

एक गोष्ट मी शिकले. दगड कशाचा आहे हे सांगायला बर्नर पुरतो. तो कुठे ठेवायचा हे सांगताना मालकाचे नातेवाईकही मोजावे लागतात.

दुसऱ्या दिवशी शेठ यायच्या आत, त्यांना त्या खोलीचा नवा बेत सुचायच्या आत, मी सुताराला घेऊन घोडियाघरात गेले आणि पाळण्यांसाठी छताला लोखंडी हूक पक्के बसवून घेतले.