शेळीचा ताप आणि चुलतीचा ताप

गोचिडांमधून कोणकोणते विषाणू पसरतात याचा अभ्यास करायला तीन शास्त्रज्ञ जिंतूरजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा वाट दाखवायला मी पुढे झालो. गावात बीएस्सी झालेला मी एकटाच होतो, आणि हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

त्यांनी माळावरच्या गवतावरून पांढरं कापड ओढत नेलं. कापडाला चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून कुपीत घालायचे, अशी त्यांची पद्धत. तासाभरात सात मिळाले. शेळ्या राखणारी माझी चुलती बांधावर बसून हे बघत होती. तिने एका शेळीचा कान उलटा केला आणि म्हणाली, "चादर कशाला मळवायलाव साहेब? इथं लय हायत."

साहेब हरखले. त्यांनी शेळीचे कान तपासले, रक्त घेतलं, वहीत तिचं वय लिहिलं, ताप आहे का तेही पाहिलं.

"मला बी तीन दिसापासून ताप हाय," चुलती म्हणाली.

"आमचा विषय शेळ्या आणि गोचीड," त्यांच्यातले एक साहेब अदबीने म्हणाले.

मीही शहाण्यासारखी मान डोलावली. "काकू, त्यांना काम करू दे."

दुसऱ्या दिवशी चुलतीला उभंही राहवेना. मी तिला एसटीने जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. तिला डासांपासून होणारा डेंग्यू निघाला. आठवडाभर मी खालमानेने तिच्या उशाशी बसलो. ती बरी झाली. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ह्यो शिकलेला हाय. ह्यानं आधी शेळीचा ताप बघितला."