एकवीस चेंडूंची कारकीर्द

आमच्या तुंगार्लीच्या घराचं अंगण म्हणजे काही देऊळ नव्हे. चाळीस कुंड्या, एक चिकूचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी, बस्स. पण बॉलसाहेब रोज सकाळी सहा वाजता तिथे पाऊल टाकण्याआधी टोपी काढायचे आणि कमरेत वाकून नमस्कार करायचे. मला नव्हे, अंगणाला. मी तिथेच पायरीवर चहाचा कप घेऊन उभी असे. माझा नंबर दुसरा.

मिहीर, सई, मागच्या वर्षी फोनवर तुम्हाला मागून थाड थाड ऐकू यायचं आणि तुम्ही विचारायचात, "आजी, घरात सुतार आलाय का?" तो सुतार नव्हता. ते बॉलसाहेब. तुम्ही तिकडे बेसबॉल बघता. मला त्यातलं बेताचंच कळतं. काही चुकलं तर मला सांगा, एकमेकांत हसत बसू नका.

तळेगावजवळच्या एका जपानी कारखान्यात ते जपानहून नोकरीला आले होते. वय एकतीस. आमचं आउटहाउस भाड्याने घ्यायला आलेली माणसं पाणी, पार्किंग आणि माकडं या तिन्हींची चौकशी करतात. ह्यांनी खिशातून टेप काढली आणि चिकूच्या बुंध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत अंगण मोजलं. साडेअठरा मीटरच्या खुणेवर (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा फलंदाजापासून तेवढ्याच अंतरावर असतो, हे मला मागाहून कळलं) खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "घेतो."

"अहो, खोली तरी बघा. संडास बघा."

"नंतर," ते म्हणाले. मी इंग्रजीत विचारत होते, ते त्यांच्या मोजक्या इंग्रजीत उत्तर देत होते. तुमच्यासाठी सगळं मराठीत लिहिते आहे.

त्या रेघेच्या आड माझ्या चौदा कुंड्या येत होत्या. त्या ते रोज सकाळी उचलून बाजूला ठेवत आणि खेळून झाल्यावर परत जागेवर लावत. गुलाबाची फांदी काल ज्या बाजूला होती, आजही त्याच बाजूला. मी महिनाभर बारकाईने तपासलं. एकही कुंडी बोटभर हलली नव्हती. तक्रारीला जागाच ठेवायची नाही, ह्या त्यांच्या सवयीचा मला जितका त्रास झाला तितका कुठल्या पसारा घालणाऱ्या भाडेकरूचाही झाला नाही.

बॉलसाहेब हे नाव दत्तोबाने ठेवलं. दत्तोबा कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर, तळेगावजवळच्या इंदुरी गावचा. घरची शेती भावाकडे, हा गाडीवर. मी तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं म्हणून सगळे मला बाई म्हणतात, तोही म्हणतो. तरुणपणी तो गावच्या टेनिस बॉलच्या क्रिकेट संघात विकेटकीपर होता. हे त्याने साहेबांना सांगायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातात एक भलामोठा चामडी ग्लोव्ह आला आणि भिंतीपुढे उकिडवं बसायचा हुकूम. पहिला चेंडू झेलून तो तसाच मागे बसला.

"बाई, ह्यो बॉल न्हाई, धोंडा हाय! मानसं मारायला काढलाय का ह्यो खेळ?"

त्यानंतर रोज साडेसहाला तो लाल झालेला तळवा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. मी त्याच्यासाठी फ्रीजमध्ये बर्फाचा एक ट्रे वेगळा ठेवला होता. तरी पठ्ठ्या इंदुरीहून नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघायचा.

साहेबांची कारकीर्द त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून विचारल्यावर. अठराव्या वर्षी, शाळेतून बाहेर पडताच, एका मोठ्या क्लबने त्यांना निवडलं. गावात मिरवणूक निघाली. मग सहा वर्षं ते त्या क्लबच्या दुसऱ्या संघात चेंडू टाकत राहिले. दुसरा संघ म्हणजे पहिल्या संघात बोलावणं येईपर्यंत थांबायची जागा. सातव्या वर्षी बोलावणं आलं. भरलेलं स्टेडियम, एक डाव, एकवीस चेंडू. तिघांना बाद केलं, एकही धाव दिली नाही. आठवड्यानंतर खांदा दुखावला. शस्त्रक्रिया, दोन वर्षं व्यायाम, आणि मग क्लबचं आभाराचं पत्र.

"म्हणजे सगळं मिळून एकवीस चेंडू?" मी म्हणाले.

"हो. चांगले होते," ते म्हणाले. राग नाही, हळहळ नाही. मी असते तर त्या क्लबला चार पानी पत्र पाठवलं असतं.

आता ऐका, मुद्दा इथून सुरू होतो. ऑगस्टमध्ये त्यांना जपानमधल्या एका छोट्या क्लबचा निरोप आला: नोव्हेंबरमध्ये चाचणी आहे, येऊन चेंडू टाकून दाखवा. कंपनी त्यासाठी रजा देईना, म्हणून त्यांनी ऑक्टोबरअखेरचा राजीनामा लिहून टाकला. ह्या वयात, ह्या खांद्यानिशी! मी समजावलं, त्यांनी वाकून माझे आभार मानले आणि दुसऱ्या दिवसापासून सहाऐवजी साडेपाचला सुरुवात केली.

नवरात्रात फ्रीज पुसताना माझ्या लक्षात आलं की दत्तोबाचा बर्फ तसाच पडून आहे. ट्रेवर हिमाचा थर चढला होता.

"हात दुखत नाही का रे आता?"

"सरावला, बाई," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायला.

त्याच आठवड्यात मी साहेबांना कपडे वाळत घालताना पाहिलं. दोरी उंच आहे. ते डाव्या हाताने शर्ट टाकत होते, उजवा हात कमरेशी. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकावरची कॉपी पकडली आहे. मला आणखी पुरावा नको होता. पण एक गोष्ट जुळत नव्हती: चेंडूचा आवाज पहिल्यापेक्षाही मोठा येत होता. मी दत्तोबाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावलं.

"खरं सांग. बॉल हळू येतोय ना?"

"हळू बोला, बाई. ऐकतील."

"त्यांना मराठी येत नाही."

"येतंय की थोडं. परवा मला 'जरा थांब' म्हनले."

"विषय बदलू नकोस. मग एवढा आवाज कसा येतो?"

दत्तोबाने मान खाली घातली. आवाजाची युक्ती त्याला साहेबांनीच शिकवली होती. त्यांच्याकडे झेलणाऱ्याचं ते कामच असतं म्हणे: चेंडू ग्लोव्हच्या नेमक्या खोलगट भागात घ्यायचा, म्हणजे मोठा आवाज होतो आणि टाकणाऱ्याला हुरूप येतो. दत्तोबा ती विद्या पुरती शिकला होता. चेंडू जसजसा मंदावला तसतसा त्याने आवाज वाढवला.

"आन् तुम्ही काय करनार हुता? परीक्षेला निघालेल्या मानसाला तोंडावर सांगायचं, का तू नापास हायेस म्हनून? आमच्यात न्हाई तसं."

"माझ्यात आहे," मी म्हणाले.

रविवारी मी साहेबांना पोहे खायला बसवलं आणि पालकांना सांगायचे तसं सरळ सांगितलं: चेंडू हळू झालाय, खांदा दुखतोय, आणि तो आवाज दत्तोबाचा आहे, तुमचा नव्हे. त्यांनी चमचा शांतपणे बशीत ठेवला.

"माहीत आहे, आजीसान. ऑगस्टपासून."

"मग गप्प का बसलात?"

"दत्तोसान रोज लवकर येतात. इतका सुंदर आवाज काढतात. मी थांबलो तर त्यांना वाईट वाटेल."

मी कपाळाला हात लावला. दोन घोड्याएवढाले पुरुष एकमेकांचं मन मोडू नये म्हणून तीन महिने एकमेकांना फसवत होते, आणि ह्यापायी माझ्या कुंड्या रोज दोनदा हलत होत्या! दत्तोबाला हाक मारून मी ते मराठीत ऐकवलं. साहेब उठून वाकले. दत्तोबाला काय करावं कळेना, म्हणून तोही वाकला. डोकी आपटता आपटता राहिली.

"पुरे झालं वाकणं," मी ओरडले. "जायचंय की नाही, तेवढं सांगा."

"जायचं," साहेब म्हणाले. "पण आजपासून आवाज नको."

उरलेले पंधरा दिवस ते जोर न लावता, जमेल तेवढ्याच वेगाने टाकत राहिले. दत्तोबाने भिंतीपुढे माझं तुटकं स्टूल मांडलं आणि त्यावर बसला.

"ग्लोज धरून बसायचं फकस्त," तो मला म्हणाला. "हलायला लागतच न्हाई. जितं सांगंल तितं बॉल हजर. पन कुनी बी हानंल की हो असल्या बॉलला."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. खोली इतकी स्वच्छ केली होती की पुढचा भाडेकरू येईपर्यंत मला तिथे झाडू मारावासा वाटेना. फाटकाशी मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण दत्तोबा गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिला, कारण त्याला माझ्यासमोर रडायचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "पोचल्यावर कळवा."

चाचणीच्या दिवशी संध्याकाळी संदेश आला: नापास. मी दत्तोबाला कळवलं. चार दिवसांनी साहेबांचाच फोन आला. क्लबने त्यांना नोकरी दिली होती, पण खेळाडू म्हणून नाही. सरावात त्यांच्याच संघाच्या फलंदाजांना चेंडू टाकायचे, रोज, आणि असे टाकायचे की त्यांना ते मारता यावेत. हळू आणि सांगितल्या जागी.

मी भडकले. "म्हणजे ज्याने सारा जन्म कुणाला बॉल मारता येऊ नये म्हणून घालवला, त्याने आता मार खायचा पगार घ्यायचा?"

"हो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं. "सगळे मारतात, आजीसान! आणि मोसम संपेपर्यंत क्लबला मी लागणार."

मला हे अजूनही पटलेलं नाही. मी त्यांना तसं दर महिन्याला लिहिते, आणि ते दर महिन्याला माझे आभार मानतात. गेल्या महिन्यात त्यांनी सरावाचा एक फोटो पाठवला. पुढे एक पोरगेला फलंदाज बॅट फिरवतोय. चेंडू टाकणाऱ्याला लागू नये म्हणून समोर जाळी असते, त्यामुळे साहेब दिसतच नाहीत. जाळीच्या वर नुसता एक हात. स्वतःचा फोटो पाठवायचा तर त्यात स्वतः असावं, एवढंही ह्या माणसाला कळू नये! मी चार वेळा बघितला आणि वैतागून दत्तोबापुढे धरला.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "हात बघा की. उजवा हाय. पार वर गेलाय."