बोहारणीचा नेम

दोघा भावांत मिळून एक सदरा, अशी लहानपणी आमची गत होती. एक जण वडवणीच्या बाजाराला गेला की दुसरा घरात उघडा बसे. पुढे मी हैदराबादेस शिकून बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिलाच. कचेरीत नोकरी लागली, लाकडी कपाट घेतलं. आईनं ते जुन्या ठिगळांच्या कपड्यांनीच भरून टाकलं. काढू म्हटलं की म्हणे, "दिवस फिरले तर?"

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बोहारीण दर महिन्याला दारी येई. ओटा सोडून ती उन्हातच बसे. कापड कानाशी धरून ताणी, धाग्याचा आवाज ऐके आणि म्हणे, "हं, फुडं." तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी हट्टानं सगळं कपाट तिच्यापुढं ओतलं. वरच आम्हा दोघा भावांचा तो सदरा होता. तिनं हात मागं घेतला.

"साहेब, लेकाच्या हातचं मी घेत न्हाई. मागं एकानं दिलं, तर त्याची माय चार गावं माज्या मागं हिंडली. तुमी लई शिकलेले असाल, पर कपडा घरधनिणीच्या हातूनच सुटाया पायजे."

मला राग आला. ती मात्र हलेना. आई दारातच उभी होती.

"आन् दिवस फिरले तर गं, बाई?"

"तर माज्याकडूनच परत घे, माय. मी कुटं जाती?"

आई हसली. तिनं सदरा झटकला, नीट घडी घातली आणि बोहारणीच्या मांडीवर ठेवला. मग बाकीचे कपडेही आईनंच एकेक करून दिले.

आता त्या कपाटात दोन सदरे आहेत. एक माझा, एक भावाचा.