डाव्या बाजूचा आवाज

पेट्यांचे सूर लावायचं काम मी नाशकात चाळीसेक वर्षं करतो आहे. भाता हलवायचा, डावा कान अगदी पेटीला टेकवायचा आणि उजव्या हातातली बारीक कानस पितळी पातीवर अलगद फिरवायची. जोडीच्या दोन पात्या सुरात एक झाल्या की आवाजातली थरथर थांबते. ती कुठे थांबते हे ओळखण्यावरच माझी भाकरी.

गेल्या वर्षी निफाडकडच्या एका भजनी मंडळाचे पेटीवाले बाबा मी लावून दिलेली पेटी मोटारसायकलला बांधून परत घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, वरचे दोन सूर जुळत नाय. लय टोचत्यात." मी कान लावला. मला सगळं ठीक वाटलं, आणि माझं डोकं फिरलं. दोन माणसांसमोर मी म्हणालो, "बाबा, आधी तुमचे कान तपासून घ्या." ते एवढंच म्हणाले, "बरं मास्तर," आणि पेटी पुन्हा बांधून निघून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी लॅपटॉपवरचं गाणं मला मळकट वाटायला लागलं. चार्जर लावला की घरघर यायची, ती वेगळीच. मुलगी म्हणाली, "बाबा, लॅपटॉपच्या भोकातून कसलं ऐकता? बाहेरून इंटरफेस जोडा." गंगापूर रोडच्या दुकानातून तिने साबणाच्या वडीएवढी ती इंटरफेसची डबी आणली. एक वायर लॅपटॉपच्या यूएसबीला, हेडफोन डबीला. घरघर गायब! तंबोऱ्याची एकेक तार सुटी ऐकू आली. मी लहान मुलासारखा खूश झालो.

पण फक्त उजवीकडे. डावीकडचा तंबोरा गोधडीखालून वाजत होता.

मी डबीला नावं ठेवली, वायर बदलली, मुलीवर चिडलो. बायकोने हेडफोन घालून पाहिला. "दोन्हीकडे सारखंच तर आहे," ती म्हणाली. मग मी हेडफोन उलटा घातला. उजवी बाजू डाव्या कानावर आली, तरी गोधडी डावीकडेच राहिली. डबी नवी होती, वायर नवी होती. जुना होता तो फक्त माझा कान, आयुष्यभर पेट्यांना टेकवलेला. खरं सांगतो, भीती वाटली. आणि भीतीच्याही आधी ते बाबा आठवले.

डॉक्टरकडे जायच्या अगोदर मी त्यांना फोन केला. म्हणालो, "पेटी घेऊन या. तुमचे कान बरोबर होते. माझा गेलाय."

ते म्हणाले, "पेटी वाजती हाय मास्तर. ते दोन सूर सोडून वाजवतो मी."

इतके महिने, प्रत्येक भजनात.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी पेटी उघडली, कानस घेतली आणि सवयीने डावा कान खाली नेला. मग सरळ बसलो. त्यांना जवळ बोलावून म्हणालो, "बाबा, कान तुम्ही लावा. थरथर थांबली की मला सांगा."

ते संकोचले. मग टोपी काढून त्यांनी पेटीला कान टेकवला.




"अजून नाय," ते म्हणाले. "अजून जरासं."