इकबालचा अ‍ॅम्प तापेपर्यंत

इकबाल गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. फवारणीच्या पंपाचा वॉशर घ्यायला जुन्नरच्या बाजारात गेलो होतो. मोटारसायकल लावून वळलो तर समोर इकबाल. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर चुकून भलत्याच लग्नात शिरल्यासारखं हसू. मला आधी वाटलं, याला कुणी निवडणुकीला उभं केलं की काय! मग खालची ओळ वाचली. खिशातल्या फोनवर त्याच्या बहिणीचे कॉल येऊन पडले होते. गाडीवर असलं की मला फोन ऐकू येत नाही. दुकानदार विचारत होता, ‘मास्तर, कंच्या पंपाचा वॉशर?’ आणि मला आमचा पंप कुठला तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी मुलाने पुण्याहून इंग्रजी पेपरातलं पान मोबाइलवर पाठवलं. अर्ध्या पानाचा फोटो. खांद्याखाली आलेले केस, घामाने भिजलेला शर्ट, गळ्यात गिटार, डोळे मिटलेले. माझ्या बायकोने, सुनंदाने, तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, ‘ह्यो कोण?’ आमच्या घरी तीस वर्षं शेंगोळी ओरपून गेलेला माणूस तिला ओळखू आला नाही. तिची चूक नाही. देशातल्या पोरांना गिटारवाला इकबाल माहीत होता, आम्हाला नारळवाला. हा नारळ त्याच्या हातात कसा आला ते सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल काहीच सांगता येणार नाही... पण जरा मागून सुरुवात करतो.

इकबालच्या अब्बांचं जुन्नरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथे पायरीवर बसायचो. अब्बा बांगड्या भरत ते बघण्यासारखं असे. बाईचा हात हातात घेऊन ते कांद्याचा भाव विचारत, पोरीला स्थळ आलं का विचारत, आणि बोलता बोलता अंगठ्याखालचा उंचवटा हलकेच दाबत. ‘हात ढिला सोडा, ताई,’ एवढंच त्यांचं म्हणणं. ‘हात ढिला सोडला की बांगडीला वाट सापडती.’ बाई उत्तर देण्यात गुंतलेली असे तोवर काचेची बांगडी मनगटात उतरलेली असे. पुढे इकबालने मला गिटार शिकवायचा फार प्रयत्न केला. मी त्या तारा नांगराचं रुमणं धरावं तशा आवळून धरायचो. तो वैतागून म्हणायचा, ‘मास्तर, हात ढिला सोड!’ माझा काही सुटला नाही, आणि मला गिटार आली नाही.

तो पहिल्यांदा वाजवायला लागला ते वरातीतला बेंजो. सुट्टीत एका बँडपार्टीबरोबर जायचा. नवरदेवाच्या घोड्यापुढे धुरळ्यात चालत चालत वाजवणं सोपं नाही, आणि हा पट्ठ्या उलटा चालत वाजवायचा, म्हणजे नाचणाऱ्यांची तोंडं दिसतात म्हणे. मग एके दिवशी एसटी स्टँडवर नाणेघाटाला निघालेली मुंबईची कॉलेजातली पोरं बसली होती. त्यांच्यातल्या एकाकडे गिटार होती आणि तो काहीतरी खरखरीत इंग्रजी गाणं वाजवत होता. इकबाल शेजारी जाऊन उभा राहिला. घाटघरची गाडी लागली, पोरं चढली, तोही चढला. घरी सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. परत आला तो दुसऱ्या दिवशी, बोटांची टोकं सुजवून. अब्बांनी मारलं नाही. ती बोटं उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, ‘अता या हातानं बांगड्या भरायला न्हाई जमायचं.’ ते रागाने म्हणाले की समजून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तो मुंबईला गेला, मामाच्या दुकानात राहिला, बँडमध्ये शिरला आणि बघता बघता मोठा झाला. कॉलेजांच्या मैदानांवर त्याच्या नावाने ओरडा व्हायचा, परदेशातून बोलावणी यायची. जुन्नरमध्ये कुणी विचारलं तर अब्बा सांगत, ‘मुंबईत असतो, बाजाच्या लाइनीत.’ ईदला घरी आला की तो आमच्याकडे फेरी मारायचा आणि ओट्यावर बसून रॉकवाल्यांच्या गोष्टी सांगायचा. अमुक गायक स्टेजवर चप्पल न घालता का येतो, तमुक ड्रमवाल्याचं बायकोपेक्षा ड्रमवर प्रेम कसं, एकाच हॉटेलात उतरून एकमेकांशी न बोलणारे भाऊ-भाऊ. मी त्याला म्हणायचो, ‘म्हणजे तमाशाच्या फडासारखंच की रे सगळं.’ तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, ‘शंभर टक्के! फक्त आमच्यात गणगौळण नाय.’ एकदा त्याने आपल्या बँडची कॅसेट दिली. मी मोठ्या कौतुकाने लावली. सुनंदा चुलीपासून उठून आली आणि तिने टेप बंद केला. तिला वाटलं, मशीन जळतंय. हे मी इकबालला सांगितलं तेव्हा तो हसून हसून ओट्यावर आडवा झाला होता. पुढे त्याने ही गोष्ट कुठल्याशा मुलाखतीतही सांगितली म्हणे.

पण खरं सांगायचं तर मी त्याला स्टेजवर एकदाही ऐकलं नाही. तो बोलवायचा. कधी शाळेची परीक्षा आडवी आली, कधी कांदा काढणी, कधी आईचं दुखणं. ‘एकदा आपल्या गावात वाजवतो,’ तो म्हणायचा, ‘मग तू कुठं पळतो बघू.’ ही एकच गोष्ट त्याने आयुष्यभर मागितली, निदान माझ्यापाशी तरी. आपल्या माणसांत, पूर्ण आवाजात, एकदा.

रॉकवाले म्हातारे होत नाहीत असं म्हणतात. इकबाल झाला. बँड फुटला, केस पांढरे झाले, नव्या पोरांना तो गिटार शिकवू लागला. इतकी वर्षं आवाजात काढल्यामुळे त्याच्या कानात सतत एक शिट्टी वाजायची. इकडे अब्बांचे कान तर वयाने चाललेच होते. बाप-लेक दुकानात समोरासमोर बसून एकमेकांना ‘काय?’ विचारत बसलेले मी पाहिलेत.

अशातच आमच्या गावच्या यात्रा कमिटीला इकबालची आठवण झाली. येडगाव धरणाच्या पाण्यावर मोठं झालेलं आमचं छोटं गाव. कुणाच्या तरी मुलाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला आणि ‘आपल्या तालुक्याचा माणूस!’ म्हणून कमिटी पेटून उठली. दिवसा बैलगाड्यांची शर्यत, संध्याकाळी इकबाल. तो टेम्पोत घालून आपला जुना अ‍ॅम्प घेऊन आला. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, पण हा छोट्या कपाटाएवढा, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह, तापल्यावरच बोलणारे. अब्बांनाही त्याने आणलं होतं. ते पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पार पुढच्या खुर्चीत बसले. मला जवळ बोलावून म्हणाले, ‘मास्तर, अता मला ढोल पण लांबून आल्यावानी ऐकू येतो. पण ह्याचं वाजवणं लई मोठं असतं म्हणत्यात. तेवढं तरी ऐकू येईल न्हवं?’ मी मान हलवली. त्यांना दिसावी म्हणून जोरात हलवली.

आणि मग आमच्या लोकांनी सत्कार सुरू केले. माईकवर घाटातला, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतलाच, निवेदक होता. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसलेला, पण उत्साह जराही ओसरलेला नाही. ‘जुन्नर तालुक्याचा ढाण्या वाघ, गिटारीचा बादशहा...’ म्हणून इकबालला वर बोलावलं, फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग उशिरा आलेल्या पाहुण्यांचा सत्कार. मग ज्यांनी फेटा आणला त्यांचा. मग इकबालला शाळेत शिकवलेल्या गुरुजींचा, ते बोलायला उठले आणि इकबालला सोडून सगळ्यांवर बोलले. मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचे राहिले म्हणून त्यांचे. कुणाला वगळलं तर वर्षभर तोंड बघणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. मागे अ‍ॅम्प केव्हाचा तापून तयार होता, त्याचा तांबडा दिवा लागलेला. गिटार मांडीवर घेऊन, फेटा सावरत इकबाल टाळ्या वाजवत बसला होता. शेवटी तो उठला, गिटार गळ्यात अडकवली, आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराने घड्याळ वर करून दाखवलं. स्पीकरची वेळ संपली होती. निवेदकाने माईक घट्ट धरला आणि म्हणाला, ‘कार्यक्रम लई दणक्यात झाला, पावणं! पुन्यांदा टाळ्या!’

इकबालने एक तारही छेडली नव्हती. आम्ही आवराआवर केली तेव्हा तो हसतच होता. म्हणाला, ‘मास्तर, वाजवू दिलं न्हाई, पण नारळ लई मोठा दिला राव.’ मग अब्बांना धरून उठवायला गेला. अब्बांनी त्याचा दंड पकडला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘बेटा, तूने बजाया क्या? मेरेकू तो कुछबी सुनने नहीं आया.’

त्याचं हसू तिथे संपलं. इतक्या वर्षांत मी त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता. तो वाकून बापाच्या कानाशी ओरडला, ‘नहीं अब्बा! नहीं बजाया! कल बजाता!’ अब्बांनी सुटकेचा श्वास टाकला. ‘मैं समझा, पूरे कान गए.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात अब्बांसाठी खुर्ची मांडली. अ‍ॅम्प ओट्यावर चढवला, वायर जोडली, इकबालने गळ्यात गिटार घातली... आणि वीज नाही. आमच्याकडे सकाळच्या पाळीला वीज बंद असते, हे त्या गडबडीत माझ्याही ध्यानात राहिलं नाही. वाट बघितली. चहा झाला, पोहे झाले. टेम्पोवाल्याला भाडं होतं, अब्बांना औषधाची वेळ झाली. तेव्हा इकबाल बापासमोर जमिनीवर बसला, त्यांचा हात घेतला आणि गिटारच्या लाकडावर ठेवला. मग तसाच, विजेशिवाय, वाजवू लागला. मला शेजारी बसून माशी गुणगुणल्याएवढं ऐकू येत होतं. अब्बांचा तळवा आधी ताठ होता. इकबाल वाजवता वाजवता ओठ हलवून काही बोलला, ते मला समजलं, अब्बांनाही समजलं असावं. त्यांनी हात ढिला सोडला. डोळे मिटून कितीतरी वेळ बसले. शेवटी म्हणाले, ‘आता है. आता है.’

अ‍ॅम्प त्याने आमच्याकडेच ठेवला. ‘पुढच्या बारीला अब्बांना पुरा आवाज ऐकवू. तोवर म्हैन्यातनं एकदा चालू करत जा, न्हाईतर बसून खराब व्हतो. आणि घाई नको. बटण दाबलं की थांब. तापू दे.’ सुनंदा म्हणाली, ‘आवं, हे कपाट ठिवायचं कुठं?’ ते माजघरात खिडकीखाली ठेवलं. तिने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि आम्ही सगळे त्याच्यावर मोबाइल चार्जिंगला ठेवू लागलो. दर महिन्याला मी रुमाल काढायचो, बटण दाबायचो, थांबायचो. दिवा लागायचा, थोड्या वेळाने आतून बारीक ‘घूं...’ यायचा. मी इकबालला फोन करून सांगायचो, ‘तुझा अ‍ॅम्प जिता आहे.’ तो पलीकडून विचारायचा, ‘काय?’

पुढची बारी आली नाही. अब्बा त्याच हिवाळ्यात गेले. इकबाल आला, माती दिली, आमच्याकडे ओट्यावर बसला, पण अ‍ॅम्पकडे त्याने पाहिलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. मग त्यालाच आजाराने गाठलं. शेवटचा भेटलो तो पुण्यातल्या दवाखान्यात. केस गेलेले, अंगात काही उरलेलं नाही, फक्त बोटं अजून चादरीवर चालत होती. मी मोठ्याने गावाकडचं सांगत होतो, टोमॅटो कसा पडलाय, धरणाला पाणी किती आहे. त्याने मध्येच थांबवून विचारलं, ‘चालू करतो न्हवं?’ मी म्हणालो, करतो. ‘पुरा आवाज करून बघितला का कधी?’ म्हटलं, भीती वाटते, घराच्या काचा फुटायच्या. तो हसला. ‘एकदा कर, मास्तर. आपल्या गावात एकदा तरी...’ 

मला तो फार आठवतो. माणूस मोठा होता म्हणून नव्हे, ते मला कधी कळलंच नाही. उलटा चालत वाजवणारा, घाटघरच्या गाडीत न सांगता चढणारा माझा दोस्त मला आठवतो, आणि एकदाही ऐकला नाही तो त्याचा आवाज मला हवाहवासा वाटतो. त्याची गाणी मोबाइलवर आहेत, मुलाने दाखवली. पण ती कुणीही ऐकावीत अशी. मला आमच्या अंगणातली हवी होती.

या महिन्यात मी रुमाल काढला, मोबाइल बाजूला ठेवले. सुनंदाला म्हटलं, जरा धर. दोघांनी मिळून अ‍ॅम्प ढकलत ओट्यावर आणला. संध्याकाळ होती, वीज होती. बटण दाबलं आणि आवाजाची कळ होती तिथपर्यंत फिरवली. शेजारचा दत्तू गोठ्यातून डोकावला, ‘भाऊ, काय लावलंय?’ सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काही वाजत न्हाई की.’ मी म्हणालो, ‘थांब. तापू दे.’

दिवा लागला. मग तो आवाज आला, नेहमीचा नव्हे, मोठा, ओट्याची फरशी हलवणारा. दत्तूची म्हैस उठून उभी राहिली. वाजवणारं कुणी नव्हतं. मी खाली बसलो आणि तळवा अ‍ॅम्पच्या लाकडावर ठेवला. आधी ताठच होता. मग मी हात ढिला सोडला.