लॉन्ड्रीवाल्याचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लॉन्ड्रीचे मालक. मालक हा शब्द मी सवयीने वापरतो. दुकान त्यांच्या वडिलांचं, राबणं माझ्या ताईचं, आणि गल्ल्यामागच्या खुर्चीला टेकलेली पाठ तेवढी दाजींची. "लोकांचे मळके कपडे हाताळायला मी जन्मलो नाही," असं ते, मळके कपडे हाताळणाऱ्या बायकोसमोरच म्हणायचे.

त्यांचा जन्म म्हणे अत्तरांसाठी झाला होता. मागच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या वर एक फळी ठोकून त्यांनी बाटल्या मांडल्या होत्या. गुलाब, मोगरा, चंदन, आणि स्वतः कालवलेली काही मिश्रणं, ज्यांना बंद कपाटात विसरलेल्या साबणाचा वास यायचा. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "त्याला पारख लागते." स्वतःचं नाक लांब होतं हे खरं, आणि त्या नाकाने ते जन्मभर कांदे सोलत आले होते.

एकदा व्यापारी मंडळाने वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. वक्ता चकचकीत बुटांचा, बाहेरगावचा. "आवड घरी ठेवून कामावर जाऊ नका! ती कामात ओता!" असं तो हात उडवून सांगत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यानंतर चहा होता. दाजींच्या डोळ्यांत मात्र पाणी. जिना उतरताना माझा दंड धरून म्हणाले, "अरे, इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"काहीच नाही," मी म्हटलं. त्यांना ते सांत्वन वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी दुकानात सकाळीच यायला लागले. ताईला आधी बरं वाटलं. मग तिने पाहिलं, तर तिने इस्त्री करून ठेवलेल्या घड्यांवर हा गृहस्थ फवारा मारत होता. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वास! वकील तापट, म्हणून त्याला चंदन. बँकेतली बाई अबोल, ती खुलावी म्हणून मोगरा.

"अहो, त्यांना विचारलंत का?" ताई म्हणाली.

"कलेत विचारत नसतात."

"कपड्यांत विचारतात."

सुरुवातीला कौतुकही झालं. फुकटचं काही पदरात पडलं की लोकांना ते छानच वाटतं. तेवढ्या दोन गोड शब्दांनी दाजी हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. दातांच्या डॉक्टरच्या कोटावर त्यांनी असं काही मारलं, की खुर्चीवर आ वासून बसलेले पेशंट त्याच्या तोंडावर शिंकायला लागले. निवृत्त हेडमास्तर जवळच्या मित्राच्या अंत्ययात्रेला गेले ते घमघमत. लोक हळूच सरकत जाऊन त्यांच्याभोवती मोकळी जागा पडली. हेडमास्तर दुकानात येऊन बोलले काहीच नाहीत. त्यांनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. भला माणूस असाच जातो, आणि ते दाजींसारख्यांच्या लक्षातही येत नाही.

मग बसच्या ड्रायव्हरची बायको आली. नवऱ्याचा शर्ट तिने काउंटरवर आपटला.

"हा गुलाबाचा वास कुणाचा? काल घरात भांडी फुटायची राहिलीत. तो म्हणतो लॉन्ड्रीचा. मी म्हटलं, लॉन्ड्रीचं नाव पुढे करायला लाज नाही वाटत?"

एवढ्यावर कुणीही हात जोडले असते. दाजी उठून उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचे मिस्टर आतून फार हळवे आहेत. म्हणून मी त्यांना गुलाब दिला."

तिने शर्ट त्यांच्या अंगावर ढकलला. "आतून तो काय आहे ते माझं मी बघीन. तुम्ही बाहेरून धुवा!"

ही गोष्ट रस्त्यावर अशी पसरली, की कुठल्याही अत्तराला जमलं नसतं. रॅकवरचे हूक रिकामे राहायला लागले. "लोकांची लायकी नाही," असं दाजी म्हणत, आणि इस्त्री तापवून बसलेली ताई दाराकडे बघत राही.

अशात तोच वक्ता पुन्हा व्याख्यानाला आला, आणि कोटावर चहा सांडल्याचं सांगत आमच्याच दुकानात शिरला. दाजींना आकाश ठेंगणं झालं. घडाघडा सगळी हकीगत सांगून त्यांनी सगळ्यात उंची बाटली काढली. वक्ता दोन पावलं मागे सरकला.

"नको, नको! साधा धुवा. वासाने माझं डोकं दुखतं."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"ते बरोबरच आहे हो. पण कोटावर नको."

दाजी खाली बसले. त्यांचा चेहरा बघून मला कीव यायला हवी होती. मला हसू आलं. ताईला दोन्हींपैकी काही आलं नाही. तिने कोट उचलला, डागाकडे बघितलं आणि सहज विचारलं, "नुसता चहाच ना?"

"चहा नाही," दाजी तोंड फिरवूनच म्हणाले. "कॉफी आहे. आणि खाली, खिशापाशी, बुटाचं पॉलिश."

वक्ता ओशाळला. कॉफीच होती.

बाटल्या त्याच दिवशी खोक्यात गेल्या. दाजींची खुर्ची ताईने गल्ल्यामागून उचलून मळक्या कपड्यांच्या टेबलाशी ठेवली. कुठला डाग कशाचा हे नीट कळलं नाही, तर तो धुताना पक्का होतो. आजवर तिने ते अंदाजानेच केलं होतं.

"कलावंताला लोकांचा घाम हुंगायला बसवतेस?" दाजी किंचाळले.

"हो," ताई म्हणाली.

आठवडाभर ते फुगून बसले. मग बसल्या बसल्या हुंगायला लागले. आता गिऱ्हाइकं परतली आहेत, ड्रायव्हरची बायकोसुद्धा. दाजींचा तोरा पहिल्यापेक्षा वाढला आहे. कापड नाकाशी नेतात, डोळे मिटतात, आणि निकाल द्यावा तसं म्हणतात, "शाई." ताई ते शाईच्या ढिगात टाकते. "तेल. मशीनचं, खायचं नव्हे." ती तेलाच्या ढिगात टाकते. प्रत्येक वेळी ते जरा थांबतात, कुणीतरी वाहवा म्हणेल म्हणून. ताई मान वर न करता पुढचा कपडा त्यांच्या हातात देते.