उरलेली निम्मी

संध्याकाळी सातला एर्मांस गार्नो कधी घरी नसायची. कॅनडातल्या सास्काचेवानच्या त्या माळावर सात म्हणजे जपमाळेची वेळ. फ्रेंच घरांतली माणसं खरकटी भांडी तशीच टाकून रेडिओसमोर गुडघे टेकायची. गावातल्या फ्रेंच रेडिओ केंद्रावर माइकसमोर बसून एर्मांस निम्मी प्रार्थना म्हणायची, 'नमो मरिये, कृपापूर्णे...' आणि थांबायची. उरलेली निम्मी घरोघरच्यांनी म्हणायची. तेवढा वेळ रेडिओवर नुसती शांतता. परक्याला वाटावं, यंत्रच बिघडलं.

तिच्या नवऱ्याची, ओनेझिमची, वाचा दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं गेली होती. सात वाजता मात्र परत यायची.

"कालही बोलला गं," त्याच्याजवळ बसणारी शेजारीण लोरेट सांगायची. "'पवित्र मरिये, देवाच्या माते...' शेवटपर्यंत! मी मेली मध्येच अडखळते."

"बायकोशी बोलायचं तेवढं जिवावर येतं त्याच्या," एर्मांस हसायची आणि तोंड फिरवायची. तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

मग केंद्र इंग्रजी बोलणाऱ्यांना विकायला निघालं. एर्मांस बर्फ तुडवत दारोदार सह्या मागत हिंडली. सभेत नव्या मालकाचा माणूस म्हणाला, "देशाच्या दोन भाषा, मान्य. तुमची घरात बोला ना, बाई. कोण अडवतंय?"

"घरात एकच माणूस आहे माझ्या," ती कडाडली, "आणि तो फक्त तुमच्या खोक्याशी बोलतो!"

लोक हसले. तिचेच लोक. केंद्र विकलं गेलं.

सोमवारी सातला रेडिओवर इंग्रजीत हॉकी सुरू होती. ओनेझिम माळ धरून वाट पाहत बसला. एर्मांसनं रेडिओ बंद केला, त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेत मध्येच बडबडणाऱ्या पाहुणीकडे पाहावं तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून खोक्याकडे. तीन दिवस हेच.

चौथ्या दिवशी तिनं रेडिओचा आवाज पार खाली आणला, त्याचा दिवा तेवढा जळत ठेवला. रेडिओमागेच कोठीच्या खोलीचं दार होतं. आत जाऊन तिनं ते लोटून घेतलं आणि पिठाच्या पोत्यांत उभी राहून माइकवरच्या आवाजात म्हणाली, "नमो मरिये, कृपापूर्णे..."

थांबली. केंद्रावर थांबायची तेवढीच.

दारापलीकडून जाड, खरखरीत आवाज आला. "पवित्र मरिये, देवाच्या माते..."

तिचा हात कडीवर गेला. एकदा त्याचा बोलता चेहरा पाहावा, एवढंच. पण आपण दिसलो की तो गप्प होणार, हे तीन दिवसांत तिला पुरतं कळलं होतं.

बाहेर तो खोक्याकडे बघत थांबला होता.

एर्मांसनं हात मागे घेतला, पुढचा मणी धरला.